जुन्या चित्रपटांचा वारसा : सापडलेला की ओळखलेला?

आजचा विषय वरवर पाहता सोपा आहे. जुने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणले जात आहेत आणि त्यांतून आपला सांस्कृतिक वारसा आपल्याला नव्याने सापडतो आहे, असे हल्ली सगळीकडे म्हटले जाते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मात्र शंका आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो शंका काढणारच, हे आयोजकांनी गृहीत धरले असेलच.

आधी वस्तुस्थिती पाहू. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ चा चित्रपट. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि त्या पैशांतून तो निघाला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची दुरुस्ती केली, मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. त्याच वर्षी डिसेंबरात राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे दहा चित्रपट ४० शहरांतल्या १३५ चित्रपटगृहांत झळकले, तिकीट फक्त शंभर रुपये. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये जेमतेम चालला होता. २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. मराठीत व्ही. शांताराम यांचा १९७२ चा 'पिंजरा' २०१६ मध्ये नव्या रूपात आला होता. सरकारी पातळीवरही २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपट दुरुस्त करण्याचा कार्यक्रम जाहीर झाला.

हे सगळे व्हायलाच हवे होते, कारण आपण गमावलेलेच फार आहे. भारतात हजाराहून जास्त मूकपट तयार झाले. त्यांतले आज तीसेकच उरले आहेत आणि त्यांतल्याही अनेकांचे नुसते तुकडे. १४ मार्च १९३१ ला लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत शिल्लक नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यात होता, तरुण शांतारामांनी ती भूमिका केली होती. शेतकऱ्याच्या कर्जाच्या बातम्या आजही रोज वाचणाऱ्या महाराष्ट्राला तो मूकपट पाहायला नको होता का? पण आता तो फक्त पुस्तकांत उरला आहे.

हे चित्रपट गेले कसे? काही हवामानाने गेले. जुनी नायट्रेटची फिल्म फार ज्वालाग्राही, दमट हवेत कुजणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात साठवणुकीच्या ठिकाणी आग लागली आणि अशी हजारो रिळे जळून गेली. पण पुष्कळसे गेले ते माणसांच्या हातून. फिल्मवर चांदीचा अंश असतो. चित्रपट जुना झाला, आता चालणार नाही असे दिसले की रिळे धुऊन चांदी काढली जाई आणि उरलेली पट्टी भंगारात जाई. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस गावोगाव, गोदामागोदामांतून रिळे शोधत हिंडला, म्हणून आज बोलायला काहीतरी आहे.

आता शंकेकडे येऊ. 'वारसा सापडला' असे म्हणताना आपल्या मनात एक चित्र असते. शेतात नांगर चालवताना मोहरांचा हंडा लागावा, तसे. हंडा आयता, मोहरा आयत्या, आपण फक्त माती झटकायची. जुन्या चित्रपटाच्या बाबतीत हे चित्र चुकीचे आहे, असे आम्ही म्हणतो. आपल्या दर्शनांत एक सुंदर शब्द आहे, 'प्रत्यभिज्ञा'. म्हणजे ओळख पटणे. पूर्वी कधी तरी, दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज समोर येतो आणि आपण म्हणतो, अरे, हा तर तोच. या ओळखीत तीन गोष्टी लागतात : तेव्हाचा देवदत्त, आताचा देवदत्त, आणि मधला काळ ध्यानात ठेवून दोघांना जोडणारा पाहणारा. पाहणारा झोपलेला असेल तर देवदत्त दारात उभा राहूनही उपयोग नाही. वारशाचे तसेच आहे. तो ओळखावा लागतो आणि ओळखताना मधला काळ पुसून चालत नाही.

उदाहरण घेऊ, सगळ्यांना माहीत असलेले. प्रभातचा 'संत तुकाराम', डिसेंबर १९३६. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. हा चित्रपट आपण आज मोबाइलवर किंवा एखाद्या महोत्सवात पाहतो आणि म्हणतो, वा, आमची वारकरी परंपरा!

पण पाहा, त्यात बीज आणि अंकुर यांची उपमा घेऊन येणारे एक पद आहे. घराघरांत ते तुकोबांचा अभंग म्हणून गायले गेले, भजनी मंडळांनी गायले, जाणकारांनीही तसेच मानले. ते पद तुकोबांचे नाही. शांताराम आठवले या कवीने त्या चित्रपटासाठी लिहिलेले ते गीत आहे. आता याला काय म्हणायचे? फसवणूक म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. तीनशे वर्षांनंतरचा एक कवी तुकोबांच्या भाषेत इतका मुरला की त्याचे शब्द लोकांनी परंपरेत घेतले. ही परंपरेच्या जिवंतपणाची खूण आहे. मात्र ते गीत १९३६ चे आहे हे विसरलो, तर आठवल्यांवरही अन्याय आणि तुकोबांवरही.

आणखी एक गंमत. त्याच १९३६ साली जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, यंत्राने नकला काढता येऊ लागल्यावर कलाकृतीचे काय होते, या विषयावर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मूळ कलाकृतीभोवती एक वलय असते. यंत्राने हजार नकला काढल्या की ते वलय विरते. देवळातली मूर्ती आणि तिचा छापील फोटो यांत जो फरक, तो. तिकडे हा निबंध छापला जात होता आणि इकडे मुंबईत काय चालले होते? यंत्राने काढलेल्या नकलेपुढे लोक हात जोडत होते. पागनीसांना तुकाराम समजून नमस्कार करणारे प्रेक्षक होते. म्हणजे आपल्याकडे यंत्राने वलय घालवले नाही, उलट चढवले. बेन्यामिन यांचा सिद्धान्त खोटा ठरला असे आम्ही म्हणत नाही. पण वलय वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या श्रद्धेत, हा प्रश्न 'संत तुकाराम'ने न बोलता विचारला.

आणि या चित्रपटात भक्तीबरोबर भक्तीशी भांडणही आहे, ते विसरू नका. गौरी या अभिनेत्रीने केलेली जिजाई आठवा. मूल आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. ती बाई हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. चमत्कार होतात, विमान येते, तुकाराम वैकुंठाला जातात. जिजाई इथेच राहते, चूल आणि मुले सांभाळायला. हा चित्रपट नुसता 'भक्तिरसप्रधान' म्हणून दाखवला, की जिजाई विनोदी पात्र होते. विचार करून पाहिला, तर ती त्या चित्रपटातली सगळ्यात मोठी पूर्वपक्षी आहे. आपल्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत नसते. दामले-फत्तेलाल यांनी तो मांडला, हे त्यांचे मोठेपण.

त्याच्या आधीच्या वर्षीचा प्रभातचाच 'धर्मात्मा' घ्या. संत एकनाथांवरचा, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरने हरकत घेतली, कारण त्या शब्दाने कोणाची आठवण होईल हे सरकारला पक्के ठाऊक होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या घरी जेवणारे नाथ पडद्यावर आले ते १९३५ साली. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की 'धर्मात्मा' हा सोळाव्या शतकाचा देखावा उरत नाही. १९३५ च्या महाराष्ट्रात पेटलेल्या वादातले ते एक निवेदन ठरते. नाथांचा दाखला देऊन एक बाजू म्हणते आहे, आपल्या घरातच औषध आहे. दुसरी बाजू येवल्यात म्हणते आहे, हे घरच सोडावे लागेल. वारसा बघायचा तर हा पूर्ण वाद बघावा लागतो.

तेव्हा आमचे पहिले म्हणणे असे. जुना चित्रपट आपल्याला 'परंपरा' देत नाही. एका पिढीने आपल्या परंपरेशी घातलेला वाद तो आपल्याला देतो. 'पिंजरा'कडेच पाहा. तमाशाच्या वारशाचा चित्रपट म्हणून तो परत आला. त्याच्या कथेचा सांगाडा मात्र 'ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाचा आणि तोही हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून घेतलेला. शिस्तीचा मास्तर नाचणाऱ्या बाईच्या मोहात पडून धुळीला मिळतो. यात तमाशा कमी आणि तमाशाविषयी पांढरपेशा समाजाला वाटणारी भीती जास्त आहे. संगीत उत्तम, डॉ. लागू आणि निळू फुले यांचा अभिनय उत्तम, ते कोण नाकारतो? पण फडावरच्या बाईला मास्तरविषयी काय वाटत असेल, हे तुम्हाला त्या झळझळीत नव्या प्रतीतही दिसणार नाही, कारण ते मूळ प्रतीतच फारसे नाही.

आता दुसरा मुद्दा, दुरुस्तीचा. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,७२,८०० चौकटी होतात. त्यातली एकेक तपासायची, ओरखडे काढायचे, फाटलेले सांधायचे, आवाजातली खरखर कमी करायची. हे काम फार कष्टाचे आहे आणि त्यात पावलोपावली एक नैतिक प्रश्न आहे : किती दुरुस्त करायचे?

तुम्ही भिवंडीची माणसे. कापडाला रफू म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. चांगला रफूगर तो, ज्याचे रफू डोळ्यांना दिसत नाही. अंगावर घालायच्या कपड्यासाठी हे योग्यच आहे. पण तेच कापड शिवकालीन असेल तर? तिथे न दिसणारे रफू म्हणजे खोटा पुरावा झाला. चेझारे ब्रांदी हे इटलीतले कलासंवर्धनाचे मोठे अभ्यासक. १९६३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी यावर एक नियम सांगितला. दुरुस्ती अशी असावी की लांबून चित्र एकसंध दिसावे, पण जवळ जाऊन पाहिले तर नवे कोणते आणि जुने कोणते ते कळावे. रोममधल्या संस्थेत जुन्या चित्रांच्या फाटलेल्या जागा बारीक उभ्या रेषांनी भरतात त्या याचसाठी. आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात उलटे चालते. शिलाहारांच्या काळातल्या दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स. याच तालुक्यात लोनाडला शिलाहारकालीन मंदिराचे अवशेष आहेत, जवळ लेणी आहेत. तिथला पडका दगड जे सांगतो ते नव्या टाइल्स सांगू शकत नाहीत.

चित्रपटांचे दोन ताजे दाखले देतो. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणीत लागला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतः मारतो. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालले नाही, म्हणून पोलीस येऊन अडवतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त प्रत दाखवली गेली, ती मूळ शेवटासह. आता दुसरा दाखला. 'रांझणा' हा २०१३ चा चित्रपट, शेवटी नायक मरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती परत लागली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदललेला होता आणि नायक जिवंत. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष या दोघांनीही जाहीर हरकत घेतली.

दोन्ही ठिकाणी शेवट बदलला. फरक कुठे आहे? पहिल्या ठिकाणी जे खरोखर चित्रित झाले होते आणि दडपले गेले होते, ते परत आले. त्याबरोबर आणीबाणीचा इतिहासही परत आला. दुसऱ्या ठिकाणी जे कोणी कधी केलेच नव्हते ते केले गेले आणि मूळ लेखक-दिग्दर्शकांचे म्हणणे पुसले गेले. 'आम्ही नव्या प्रेक्षकांसाठी बदलले' असे त्यावर सांगण्यात येते. अहो, नव्या प्रेक्षकाला दुःख सोसत नाही हे ठरवले कोणी? उद्या तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडूच नयेत, असाही शेवट कोणी काढेल.

मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात दिव्याचा दृष्टान्त येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत, एकच की वेगवेगळ्या? ती तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. एकाच दिव्याच्या आधाराने ती अखंड चालू आहे. दुरुस्त केलेल्या चित्रपटाचे स्वरूप आम्हाला असे वाटते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आपण जी रिळे पाहतो, ती १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत असे काही अभ्यासक मानतात. म्हणून फाळके लहान होत नाहीत. फक्त पाटीवर प्रामाणिकपणे लिहायला हवे, की कोणत्या प्रहरातली ज्योत आपण पाहतो आहोत. दिवा मात्र तोच लागतो. तो बदलला की चर्चाच संपते.

आता तिसरा आणि आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. तो शेलारला, भिवंडीच्या वेशीवर बोलायचा मुद्दा आहे.

प्रभातचा 'शेजारी' १९४१ चा. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचे, प्रभातसाठीचा त्यांचा हा शेवटचा चित्रपट. जिवा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, जिवाभावाचे मित्र, रोज बुद्धिबळ खेळणारे. केशवराव दाते जिवा झाले, गजानन जागीरदार मिर्झा. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत जिवाच्या जागी ठाकूर होता आणि तो केला मझहर खान यांनी. मिर्झा पुन्हा जागीरदारच. म्हणजे मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. कथेत धरण बांधायला बाहेरून एक धनिक येतो. गावची जमीन मिळायला या दोघांचा एकोपा आड येतो, म्हणून तो भांडण पेरतो. भांडण वाढते, घरे तुटतात. शेवटी धरण फुटते आणि त्या प्रलयात हे दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात. आधीच्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये लाहोरचा ठराव झाला होता, हे लक्षात ठेवा.

आज या चित्रपटातले काय 'पुनरुज्जीवित' झाले आहे? 'लखलख चंदेरी' हे समूहनृत्याचे गाणे. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत ते असते, मोबाइलवर असते. गाणे सुरेख आहे. पण कोणत्या गावात, कोणत्या फुटीच्या आधी, कोणाकोणाच्या सोबत ते गायले गेले, ते सगळे गळून पडले. दागिना राहिला आणि ज्या गळ्यात तो होता तो गळा गेला. पुनरुज्जीवनाचा हा सर्वांत स्वस्त प्रकार : चमक ठेवायची, प्रश्न काढून टाकायचा.

'शेजारी' आज भिवंडीत दाखवायला हवा. १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत या शहराने काय पाहिले ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. आम्ही त्या जखमेवर भाषण करणार नाही. पण चित्रपटाची चिकित्सा तर करूच. 'शेजारी'त दोन उणिवा आहेत. एक, भांडण बाहेरचा माणूस पेरतो. म्हणजे गावात मुळात काही कुरबुर नव्हती, सगळे गोड होते, असे गृहीत. खऱ्या गावांत असे नसते. दुसरी, समेट होतो तो मरणात. दोघे हात धरतात, पण पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या गावाने कसे राहायचे, विहिरीवर कोणी आधी पाणी भरायचे, कोणाच्या मुलाने कोणाच्या दुकानात जायचे, याचे उत्तर चित्रपटाकडे नाही. मैत्री आहे, तिला टिकवणारी व्यवस्था नाही.

आणि इथे भिवंडी चित्रपटाच्या पुढे गेली, असे आमचे मत आहे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने इथे मोहल्ला समित्या सुरू झाल्या. वस्तीवस्तीत दोन्ही समाजांतली साधी माणसे, कारखान्यात काम करणारी, दुकान चालवणारी, पोलिसांबरोबर नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी शांत राहिली. ही भिवंडी, जिच्याबद्दल सर्वांना भीती होती! जिवा आणि मिर्झा यांनी हात धरला तो धरण फुटल्यावर. भिवंडीच्या लोकांनी तो धरण फुटण्याआधी धरला आणि तोही भावनेच्या भरात नव्हे, बैठकीची वेळ ठरवून. 'शेजारी'चे न काढलेले शेवटचे रीळ इथल्या माणसांनी काढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वारसा ओळखणे आम्ही म्हणतो ते हे. जुन्या चित्रपटाने जिथे सोडले तिथून प्रश्न उचलायचा.

फत्तेलाल यांचे नाव मघाशी घेतले, ते या संदर्भात पुन्हा घेतो. कोल्हापूरचा हा मुसलमान कलावंत. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाला आणि त्याने महाराष्ट्राला डोळ्यांत साठवावा असा तुकोबा दिला. वारसा रक्ताने मिळत असता तर हे शक्य झाले नसते. तो कामाने, मेहनतीने, प्रेमाने मिळतो. इथल्या लूमवर काम करणाऱ्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाचा मुलगा 'संत तुकाराम' पाहून जिजाईवर हसला आणि नंतर गप्प झाला, तर तो त्या वारशाचा वारसदार झाला. त्याला कागदपत्रे विचारायची गरज नाही.

एक इशाराही दिला पाहिजे. चित्रपट म्हणजेच वारसा असे समजू लागलो, तर जे कधी चित्रित झाले नाही ते वारशातून बाद होईल. या पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. भटजींच्या मंत्रांइतकाच तिचा मान. ती गाणी कोणत्या गाजलेल्या चित्रपटात नीट आली? आगरी-कोळी माणूस पडद्यावर आला तो बहुधा नाचायला किंवा हसवायला. वारली आला तो भिंतीवरच्या नक्षीपुरता. मोमीन विणकर हातमाग घेऊन उत्तरेतून इथे आले आणि हातमागाचे यंत्रमाग कसे झाले, ही केवढी मोठी कथा आहे, पण तिच्यावर एखादा 'मंथन' कोणी काढला नाही. पाच लाख दूधवाल्यांनी दोन-दोन रुपये काढले म्हणून त्यांची कथा कानपर्यंत गेली. ज्यांनी काढले नाहीत किंवा ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांची कथा अजून त्यांच्या तोंडातच आहे. धवलारीण जिवंत आहे तोवर तिला दुरुस्तीची गरज नाही, फक्त ऐकणाऱ्याची आहे. आज हातातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते. त्याला सरकारी योजना लागत नाही.

मग करायचे काय? व्याख्यानाच्या शेवटी हा प्रश्न येतोच, म्हणून आधीच उत्तर देतो. जुना चित्रपट दाखवा, पण त्याच्या सालासकट दाखवा. त्या साली बाहेर काय चालले होते ते पाच मिनिटे सांगा. दुरुस्त प्रत असेल तर काय दुरुस्त केले, काय नव्याने घातले, हे चित्रपटाच्या आधी सांगायला लावा; प्रेक्षकाला ते विचारायचा हक्क आहे. गाण्यांच्या तुकड्यांवर समाधान मानू नका, चित्रपट पूर्ण पाहा. पाहून झाल्यावर दिवे लागले की लगेच उठू नका, अर्धा तास भांडा. मतभेद झाले तर उत्तम. टाळ्या वाजवून सगळे एकमताने घरी गेले, तर समजा की वारशाचे फक्त दर्शन झाले, भेट झाली नाही. आणि जमले तर पहिला चित्रपट 'शेजारी' ठेवा. दोन्ही वस्त्यांतली म्हातारी माणसे पुढच्या रांगेत बसवा, बुद्धिबळाचा पट मध्ये मांडला तरी चालेल.

जुन्या फिल्मवरची चांदी एका पिढीने धुऊन विकली. त्यांना त्या पट्टीत धातूच दिसला, कारण धातूला त्या दिवशी भाव होता. आज आपल्याला त्या पट्टीत नुसते गोड स्मरणरंजन दिसले, तर आपणही चांदीच काढून घेत आहोत, फक्त वेगळ्या रीतीने. पट्टीवर माणसे आहेत, ती काहीतरी विचारत आहेत. त्यांना उत्तर द्यायचे की नुसते न्याहाळायचे, हे आपल्या हातात आहे.

आता प्रश्न विचारा, शंका काढा, आमच्याशी भांडा.